आम्हाला ९४ नंबरात टाकून मोकळे होऊ नका

प्रति,
राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय
आणि
माजी सैनिक कल्याण विभाग, संरक्षण मंत्रालय,
नवी दिल्ली

साहेब, मॅडम, जय हिंद.

पत्र दोन खात्यांना मिळून लिहितोय. एकाकडे गेलो की ते दुसऱ्याकडे पाठवणार हे आम्हाला सवयीनं माहीत आहे, म्हणून दोघांना एकाच कागदावर घेतलंय. आणि खुलं अशासाठी लिहितोय की बंद पाकिटातलं पत्र आवक नोंदवहीत जातं आणि तिथंच पेन्शन घेतं.

मी आर्मीतून हवालदार म्हणून पेन्शन आलोय. सिग्नल्सवाला, लाइन आणि फायबरचं काम. चाळिशी ओलांडल्यावर घरी आलो, तब्येत ठणठणीत, पोरांची शिक्षणं चालू, आणि काम शोधतोय. माझ्यासारखे किती आहेत, म्हणजे फौजेतून आलेले, काम करायला तयार असलेले आणि काम न मिळालेले, हा साधा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला. कोणाकडेच उत्तर नाही. कोणी लपवतंय असं नाही हो, मोजलेलंच नाहीये. आणि मोजणीत आलोच तर ९४ नंबरात, म्हणजे पेन्शनवर बसलेल्यांच्या खान्यात टाकले जातो, ते पुढं सांगतो.

जानेवारी २०२५ पासून तुम्ही श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे देशात कोण कामावर आणि कोण बेकार हे मोजणारं, ज्याला सगळे पीएलएफएस म्हणतात, ते नव्यानं बांधलंत. आधी वर्षाचा अहवाल आणि शहरांचे तिमाही आकडे यायचे, आता दर महिन्याला आकडा येतो. पहिलं बुलेटिन मे २०२५ मध्ये आलं, एप्रिलचा बेरोजगारी दर ५.१ टक्के, गावात ४.५, शहरात ६.५. चांगलं काम केलंत, मनापासून सांगतो, महिन्याला आकडा काढणं खायचं काम नाही. पण ते बुलेटिन मी वरपासून खालपर्यंत वाचलं. पुरुष आहेत, महिला आहेत, गाव आहे, शहर आहे, १५ ते २९ वयाची पोरं वेगळी काढलेली आहेत. वार्षिक अहवालात तर शिक्षणानुसार, धर्मानुसार, सामाजिक गटानुसार तक्ते असतात. माजी सैनिक नावाचा रकाना कुठंच नाही. सगळं सर्वेक्षण उघडून परत जोडलंत, तेव्हा एक रकाना टाकायची संधी होती, ती गेली, आणि गेली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त त्रास झाला.

देशात २५ लाखांहून जास्त माजी सैनिक आहेत आणि दरवर्षी साधारण ६० हजार नवे बाहेर पडतात. ही दुसरी संख्या माझी नाही, माजी सैनिक कल्याण विभागच ती सांगतो. त्यातले बहुतेक ३५ ते ४५ वयात घरी येतात, कारण फौजेला तरुण माणूस लागतो. त्याबद्दल तक्रार नाही, भरती होताना सही करूनच गेलो होतो. पण ज्या वयात सिव्हिलमधला माणूस नोकरीत स्थिरावून घराचे हप्ते भरत असतो त्या वयात आम्ही पहिल्यांदा बायोडेटा लिहायला बसतो, आणि असा माणूस देशात दुसऱ्या कुठल्या खात्यातून एवढ्या संख्येनं बाहेर पडत नाही. मग त्याचं पुढं काय होतं ते कोणीतरी पाहायला नको का?

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर खाली कोणीतरी लिहिणारच की फौजी रडायला लागला. माजी सैनिकांची बेरोजगारी सिव्हिलपेक्षा जास्त आहे असं मी म्हणत नाहीये. कदाचित कमी निघेल. निघू दे, आनंदच आहे, मग आम्ही दुसऱ्या प्रश्नाला लागू. पण आज दोन्ही बाजूचे लोक अंदाजानं बोलतात. भाषणात ऐकावं तर शिस्त, नेतृत्व, कंपन्या हातोहात उचलतात. आमच्या ग्रुपवर ऐकावं तर सगळेच घरी बसलेत. दोन्ही खरं नसणार.

आणि नुसता एक आकडा काढून सरासरीशेजारी ठेवला तरी भागणार नाही. तुमच्याच २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा बेरोजगारी दर ३.२ टक्के आहे आणि १५ ते २९ वयाचा १०.२ टक्के (हे वर्षभराच्या हिशोबाचे, वरचा ५.१ आठवड्याच्या हिशोबाचा, म्हणून वेगळा). म्हणजे बेकारीचा भार तरुण पोरांवर आहे, चाळिशीच्या पुरुषांमध्ये ती फार थोडी, कारण त्या वयाचा माणूस मिळेल ते काम करतोच, घर चालवायचं असतं. आता आमचा समाज जवळजवळ सगळा पुरुषांचा आणि जवळजवळ सगळा पस्तिशीच्या पुढचा. तो तसाच उचलून सगळ्या देशाच्या सरासरीशी लावला तर आम्ही मस्त दिसू. आणि कोणीतरी ते दाखवून विषय संपवेल. खरी तुलना त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या, सिव्हिलमधल्या पुरुषाशी व्हायला पाहिजे. दहावी-बारावी झालेला चाळीस वर्षांचा फौजी एका बाजूला आणि दहावी-बारावी झालेला चाळीस वर्षांचा फौजेत न गेलेला गडी दुसऱ्या बाजूला. कोणाकडे काम आहे, कसलं काम आहे, पगार किती, किती दिवस टिकलं. एवढंच.

आता ९४ नंबरावर येतो.

तुमच्या सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला एक कोड मिळतो. काम नाही पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो ८१. भाड्यावर, पेन्शनवर किंवा बाहेरून येणाऱ्या पैशावर बसलेला, तो ९४. जो ९४ मध्ये गेला तो श्रमबलाच्या बाहेर. म्हणजे तो बेरोजगारही नाही आणि कामावरही नाही, भागाकारात वरच्या आकड्यात नाही आणि खालच्या आकड्यातही नाही.

नियम काय सांगतो ते मला कळतं. पेन्शन असो नसो, काम शोधत असेल तर तो ८१ मध्येच गेला पाहिजे. कागदावर काहीच चुकीचं नाही. पण टॅब घेऊन एखादा पोरगा दारात उभा आहे असं धरा. मी घरी नाही. तो विचारतो, घरातले काय करतात. माझी बायको काय सांगेल? "ते पेन्शन आलेत." हीच भाषा आहे आमची. पोराला अजून पुढची घरं करायची आहेत, त्याला पेन्शन हा शब्द ऐकू आला, समोर ९४ आहे, तो दाबला, संपलं. तिनं खोटं सांगितलं नाही, त्यानंही मुद्दाम चुकीचं भरलं नाही. पण बासष्ट वर्षांचा रिटायर्ड हेडक्लार्क आणि अडतीस वर्षांचा नायक एकाच खान्यात जाऊन बसले. असं किती ठिकाणी होतं ते कोणी सांगू शकत नाही, कारण त्या ९४ मध्ये फौजी किती हे तुम्ही नोंदवतच नाही. सिव्हिलमधल्या चाळिशीच्या बेरोजगाराच्या बाबतीत हा घोळ होऊच शकत नाही, त्याला पेन्शन नाही. तुलना इथंच, पहिल्या प्रश्नालाच वाकडी होते.

आणखी एक. बराकीत राहणारा जवान तुमच्या सर्वेक्षणात धरत नाहीत, ते बरोबरच आहे, त्याचा रोजगार विचारायची गरज नाही. पण तो बराक सोडून घरी आला की तुमच्या यादीत येतो, आणि येतो तो कुठून आला याची काहीही खूण न ठेवता. कालपर्यंत यादीबाहेर, आज गर्दीत.

तिसरी गोष्ट कामाची व्याख्या. आठवड्यातला एक तास काम केलं तरी त्या आठवड्याच्या हिशोबात माणूस कामावर. ही पद्धत जगभर चालते, तिच्यावर मी वाद घालत नाही. पण फौजेतून आलेला माणूस रिकामा बसत नाही, त्याला बसवत नाही. तो भावाच्या शेतात जातो, मेव्हण्याच्या दुकानात बसतो, कोणाची गाडी चालवतो. झाला कामावर. घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावला तरी कामावर. त्यामुळे नुसता बेरोजगारी दर आमच्याबद्दल फार कमी सांगतो, खरी गोष्ट कळायची तर काय काम करत होता आणि काय करतोय हे शेजारी शेजारी लिहावं लागेल.

त्याचा एक नमुना सांगतो, माझाच आहे. एका कंत्राटदाराकडे फायबर टेक्निशियनच्या जागेसाठी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत दोन पोरं फायबरचे जॉइंट मारत होती आणि मशीन दर वेळी सिग्नलचा लॉस जास्त दाखवत होतं, तोडायचे, परत सोलायचे, परत तेच. बराच वेळ बघितलं, मग राहवलं नाही. म्हटलं क्लीव्हरचं, म्हणजे फायबर कापायच्या हत्याराचं, ब्लेड बोथट झालंय, कट वाकडा पडतोय, ब्लेड एक घर फिरवून घे. फिरवलं, पुढचा जॉइंट पहिल्या फटक्यात पास. पोरं खूश, मला चहा. आत इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न, पेन्शन किती बसते. दुसरा प्रश्न, आयटीआयचं सर्टिफिकेट आहे का. नव्हतं. माझं ट्रेनिंग सगळं सेंटरमध्ये आणि युनिटमध्ये झालेलं, डिस्चार्ज बुकात ट्रेड लिहिलेला आहे, ते पुस्तक पुढं सरकवलं. त्यांनी चाळलं, म्हणजे फोटो बघितला, आणि म्हणाले टेक्निशियनला क्लायंट सर्टिफिकेट मागतो, पण आमच्या स्टोअरला नाइटला माणूस पाहिजे, तुम्ही फौजी, त्या जागेवर एकदम फिट. बारा तासांची ड्युटी. आणि पगाराचं बोलणं निघालं तेव्हा, "तुम्हाला पेन्शन आहेच ना."

ते वाक्य मी त्यानंतर इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता समोरचा तोंड उघडायच्या आत मला ऐकू येतं. पेन्शन ही केलेल्या नोकरीची आहे, करायच्या कामातून ती वजा करायची नसते. पण खाजगीत आमच्या पगाराची बोली पेन्शन धरूनच लागते, आणि त्याच कामाला आलेल्या सिव्हिलमधल्या माणसाला कोणी विचारत नाही की तुझ्या बापाची जमीन किती.

सिक्युरिटीच्या कामाला मी कमी लेखत नाही, गेटवर उभं राहणारे माझे मित्र आहेत आणि इमानदारीनं उभे आहेत. पण रडार दुरुस्त करणारा, ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस म्हणून राबलेला, पाण्याखाली पूल बांधायला उतरलेला, हे सगळे गेटवरच का पोचतात? तुमच्या आकड्यात तो गेटवरचा माणूस रोजगार मिळालेला म्हणूनच मोजला जाणार. कागदावर प्रश्न सुटलेला.

आता माजी सैनिक कल्याण विभागाशी बोलतो, कारण कोट्याचं खातं तुमचं.

केंद्र सरकारच्या गट क च्या थेट भरतीत आम्हाला १० टक्के, गट ड मध्ये २० टक्के. सरकारी बँका आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांत १४.५ आणि २४.५ टक्के, त्यात अपंग झालेले सैनिक आणि शहिदांचे वारस यांचे साडेचार टक्के धरून. महाराष्ट्रात समांतर आरक्षण १५ टक्के. नातेवाइकांना हे सांगितलं की ते म्हणतात मग तुला काय चिंता. चिंता ही आहे. माजी सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे ३० जून २०२१ चे आकडे पेपरात आले होते. केंद्रीय खात्यांत गट क मध्ये माजी सैनिक एकूण संख्येच्या १.२९ टक्के, गट ड मध्ये २.६६ टक्के. सार्वजनिक कंपन्यांत गट क मध्ये १.१५ टक्के. सरकारी बँकांत मात्र गट क मध्ये ९.१० आणि गट ड मध्ये २१.३४ टक्के. आणि हे सुद्धा ज्या खात्यांनी माहिती दिली त्यांचंच, बऱ्याच जणांनी दिलीच नव्हती.

इथं प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की कोटा नव्या भरतीवर असतो आणि हे टक्के एकूण कर्मचाऱ्यांवरचे आहेत, त्यामुळे १० आणि १.२९ सरळ एकमेकांसमोर ठेवणं बरोबर नाही. पण फरक केवढा आहे बघा ना. आणि बँकांचा आकडा बघा. तीच माणसं, तेच डिस्चार्ज बुक, तीच दहावी-बारावी. बँकेत जमतं आणि खात्यात जमत नाही, तर अडचण फौजी माणसात आहे असं म्हणता येणार नाही, अडचण भरतीच्या पद्धतीत कुठंतरी आहे. बँका काय वेगळं करतात हे कोणी बसून बघितलंय का? बघितलं असेल तर आम्हालाही सांगा.

जागा रिकामी का राहते हे आम्हाला आतून माहीत आहे. जाहिरातीत पात्रता अशी लिहिलेली असते की आमचं शिक्षण बसत नाही. पंधरा वर्षं सेवा केलेल्या दहावी पास माजी सैनिकाला गट क साठी पदवीइतकं धरायची तरतूद आहे, पण फॉर्म भरताना संगणकाला ती माहीत नसते, तो विद्यापीठाचं नाव मागतो, तारा लावलेला रकाना, भरल्याशिवाय पुढं जात नाही. मग कागद तपासणारा म्हणतो वरून लेखी आणा. आणि त्या परीक्षेला शेजारी बावीस वर्षांचं पोरगं बसलेलं असतं ज्यानं दोन वर्षं क्लास लावून हेच केलंय, गणितं त्याला झोपेत येतात. वयाची सूट आहे, ठीक आहे, पण नुसत्या सुटीनं सराव भरून निघत नाही. शेवटी यादीत "पात्र उमेदवार उपलब्ध नाही" असा शेरा येतो आणि जागा दुसऱ्याला जाते. ज्याला मिळते त्याच्यावर राग नाही, तोही बेरोजगारच असतो बिचारा. पण त्या शेऱ्याखाली किती जणांनी अर्ज केला होता आणि कोण कुठल्या पायरीवर गळला हे लिहिलेलं नसतं, आणि ते लिहिलं तर अर्धा प्रश्न आपोआप दिसेल.

रोजगार मेळाव्यांचंही तेच. होतात, गर्दी होते, फोटो येतात, आणि किती जण शॉर्टलिस्ट झाले याची बातमी येते. शॉर्टलिस्ट म्हणजे नोकरी नव्हे हे तुम्हालाही माहीत आहे. सहा महिन्यांनी त्यातले किती जण त्या कामावर आहेत, ही बातमी मी तरी कधी वाचली नाही.

हे असं मोजता येतं का, असा प्रश्न असेल तर येतं, अमेरिकेत कैक वर्षं मोजतात. तिथलं कामगार खातं दर महिन्याला माजी सैनिक आणि इतर यांचा बेरोजगारी दर वेगवेगळा छापतं, लिंग आणि कुठल्या काळात सेवा केली यानुसार, आणि वर्षाच्या अहवालात वयानुसारही. २०११ चे आकडे बघा. सगळे माजी सैनिक धरले तर बेरोजगारी ८.३ टक्के, म्हणजे इतरांपेक्षा थोडी कमीच. इथंच कोणी थांबलं असतं तर सगळं छान होतं. पण त्यांनी पुढं आकड्याची फोड केली. २००१ नंतर सेवा केलेल्यांमध्ये दर १२.१ टक्के. आणि त्यातल्या १८ ते २४ वयाच्या पुरुषांमध्ये २९.१ टक्के, त्याच वयाच्या सिव्हिल पोरांचा १७.६. सरासरीच्या पोटात केवढं दडलेलं असतं ते बघा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथं कायदा झाला, बेरोजगार माजी सैनिक घेणाऱ्या मालकाला करात सवलत आणि बाहेर पडणाऱ्या बहुतेक जवानांना तयारीचा कार्यक्रम सक्तीचा. कायद्यानं किती फरक पडला आणि मंदी संपल्यानं किती यावर वाद घालता येईल, पण वाद घालायला त्यांच्याकडे आकडा होता. आमच्याकडे वादालाही काही नाही.

आता अग्निवीर. हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण यात घाई आहे.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. चार वर्षं सेवा, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढं ठेवणार, बाकीचे सेवानिधीचे साधारण ११.७१ लाख घेऊन बाहेर. योजना चांगली की वाईट यावर हे पत्र नाही, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला एवढंच दिसतं की पहिल्या तुकड्या २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला आत गेल्या, म्हणजे २०२६ च्या शेवटापासून पोरं बाहेर यायला लागणार. त्यांना पेन्शन नाही. आमच्या पिढीची बेकारी पेन्शननं झाकली, माणूस ९४ मध्ये लपला. या पोरांना लपायला ती जागा नाही, ती पंचविशीच्या आत-बाहेरची पोरं सरळ ८१ मध्ये येणार, म्हणजे त्या १०.२ टक्केवाल्या वयोगटात. आणि योजनेप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे उद्या तुम्ही माझं ऐकून "माजी सैनिक आहात का" असा रकाना टाकलात तर ही पोरं खरं सांगून "नाही" म्हणणार आणि परत गर्दीत मिसळणार. प्रश्न असा विचारा, "तुम्ही कधी सैन्यदलात सेवा केली आहे का, किती वर्षं, कधी बाहेर पडलात?" यात आम्ही येतो, अग्निवीर येतात, पाच-दहा वर्षांनी पेन्शनशिवाय बाहेर पडलेले शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारी येतात. केंद्रीय पोलीस दलांत अग्निवीरांना जागा राखून ठेवल्यात, इतरही घोषणा आहेत, होऊ देत सगळ्यांचं भलं. पण झालं की नाही हे कळायला ती पोरं बाहेर यायच्या आधीचा आकडा हातात पाहिजे, नंतर काढलेल्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

तुमचं उत्तर काय येईल तेही मला अंदाजानं माहीत आहे. नमुना लहान पडतो. बरोबर आहे. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात चार लाखांच्या वर माणसं होती, त्यात आमचं प्रमाण धरलं तर काही शेकडाच निघतील, आणि त्यातून महिन्याचा आकडा काढणं म्हणजे धूळफेक होईल. म्हणून मी महिन्याचा आकडा मागतच नाहीये. रकाना कायमचा टाका, आकडा वर्षाचा काढा. आणि त्याशिवाय एक खास फेरी करा. अमेरिकेतही दर महिन्याच्या सर्वेक्षणाशिवाय माजी सैनिकांसाठी वेगळी पुरवणी प्रश्नावली असते. आपल्याकडे तर नावनिशीवार यादी तयार आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत नोंदी आहेत, पेन्शनच्या नोंदी आहेत, ओळखपत्रं आहेत. या यादीतून नमुना उचलला तर दारोदार फौजी शोधत फिरायची गरज नाही. दोन मंत्रालयांनी एकत्र बसायचं आहे, इतकंच अवघड काम आहे. तेच अवघड आहे म्हणा.

तर मागण्या.

पहिली सांख्यिकी कार्यालयाला. श्रमबल सर्वेक्षणात वर लिहिलेला सेवेचा प्रश्न टाका, आणि टॅब घेऊन फिरणाऱ्या मुलांना ट्रेनिंगमध्ये सांगा की साठीच्या आतला माणूस पेन्शनर आहे असं कळलं तर ९४ दाबायच्या आधी एकदा विचारायचं, काम शोधताय का, मिळालं तर कराल का.

दुसरी दोघांना. यादीवरून नमुना घेऊन माजी सैनिकांच्या रोजगाराची एक फेरी करा, अग्निवीरांचे मोठे गट बाहेर यायच्या आधी, आणि दर काही वर्षांनी परत. त्यात फौजेतला ट्रेड आणि आत्ताचं काम, पगार, कामाचे तास हे असू दे. तुलना त्याच वयाच्या आणि शिक्षणाच्या सिव्हिल पुरुषांशी. फौजेतून आलेल्या महिला संख्येनं कमी आहेत, वाढणार आहेत, त्यांना वगळू नका.

तिसरी माजी सैनिक कल्याण विभागाला. कोट्याचा हिशोब खात्यानिहाय दरवर्षी जाहीर करा, जागा किती निघाल्या, अर्ज किती, परीक्षेत किती गळले, कागदपत्रांत किती गळले, किती जागा दुसऱ्यांना गेल्या. जे खातं माहिती देत नाही त्याच्या नावापुढे "दिली नाही" असं लिहा, बस.

आणि ट्रेडचं सर्टिफिकेट. हे माणूस घरी यायच्या आधी त्याच्या हातात पडलं पाहिजे, असं की कंत्राटदाराच्या क्लायंटनं आणि भरतीच्या संगणकानं ते बघितल्यावर आणखी काही मागू नये. याबाबतीत काहीच झालं नाही असं नाही, थोडं झालंय, पण ते नव्यानं बाहेर पडणाऱ्यांपुरतं नको, जे आधीच बाहेर पडलेत त्यांनाही परीक्षा घेऊन द्या. आम्ही परीक्षेला घाबरत नाही, क्लीव्हर आणि मशीन समोर ठेवा आणि घ्या परीक्षा.

उत्तर मला वैयक्तिक पाठवायची गरज नाही, तुमच्या वेबसाइटवर टाकलंत तरी सगळ्यांना वाचता येईल. यातलं जे होणार नसेल ते का होणार नाही हेही लिहा, पैसा नाही, माणूस नाही, कायद्यात बसत नाही, जे असेल ते, म्हणजे पुढचं पत्र नेमकं त्याच्यावर लिहिता येईल.

आपला,
एक माजी हवालदार, सिग्नल्स
(सध्या काम शोधत आहे, कोड ८१)